जावयाचं वाण

यंदा धोंड्याचा महिना ज्येष्ठात आला. दर तीन वर्षांनी येणाऱ्या या जादाच्या महिन्याला स्वतःचा असा ऋतू नाही. ज्याच्या शेजारी जागा मिळेल त्याचा ऋतू तो अंगावर घेतो. मागच्या वेळी तो श्रावणात होता. तेव्हा लातूर सोडून मुरुडकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन गुडघ्याला लागत होतं, आणि हवेत ओल्या मातीचा आणि फवारणीच्या औषधाचा असा मिळून एकच वास होता. यंदा ऊन. नांदेडात गोदावरीवरून येणारा वारासुद्धा भाजून काढतो. कूलरमधल्या वाळ्याचा वास, लिंबाखाली पिकलेल्या लिंबोळ्यांचा सडा, दुपारी निर्मनुष्य झालेली गल्ली आणि तीत एकट्यानेच वाजणारी रसवंतीची घुंगरं. सगळे वळवाची वाट बघत होते. मी मात्र या महिन्याचीच वाट बघत होते, तीही तीन वर्षं, कारण मला सूड घ्यायचा होता.

नवऱ्याच्या बाबतीत हा शब्द वापरला की लोक दचकतात. लगेच मायेनं विचारतात, मारतो का, पितो का. मारत नाही, पीत नाही. त्याचं औषधाचं दुकान आहे, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो, म्हाताऱ्या माणसांना गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-संध्याकाळ लिहून देतो. मी ज्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तिथल्या मैत्रिणी म्हणतात, तुझं नशीब चांगलं. असल्या नवऱ्यावर सूड उगवायचा तर कारणही बारीकच सापडणार. माझं बारीकच आहे. पण तळपायात मोडलेला बाभळीचा काटाही बारीकच असतो, आणि चालताना तोच तेवढा जाणवतो.

तर तो श्रावण. या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, लेक-जावयाला लक्ष्मीनारायणाचा मान देतात. पुरण भरलेले कणकेचे धोंडे, तेहेतीस अनारसे, कपडे, ताटात दिवा. हे जावयाचं वाण. माझे वडील शाळामास्तर होते. ते गेल्यापासून माय मुरुडला एकटीच राहते, पेन्शनीवर, आणि कोणाच्या उपकारात न राहण्याच्या हट्टावर. अनारसे विकतचे आण म्हटलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा नाव काढलं नाही. तांदूळ भिजत घालून, रोज पाणी बदलून, वाळवून, कुटून, गुळात मळून तिनं ते पीठ मुरवलं होतं. तरी पहिलाच अनारसा कढईत हसला, म्हणजे तेलात विरून पसरला, आणि माय रडकुंडीला आली. बाहेर पाऊस रिपरिपत होता. चुलखंडाएवढ्या त्या स्वयंपाकघरात तळणीचा धूर कोंडला होता आणि तिच्या पाठीवर पोलकं भिजून चिकटलं होतं. जावई जेवेपर्यंत ती काही खाणार नव्हती. दुपार झाली तरी तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

नवरा पाटावर बसला. मायला ओवाळता येत नाही, म्हणजे येतं, पण नवरा गेलेल्या बाईनं ओवाळायचं नाही असं गल्लीनं ठरवलेलं आहे. म्हणून शेजारच्या काकू ओवाळायला आल्या. त्यांचा दिवा नवऱ्याच्या तोंडाभोवती फिरत होता आणि त्याचे दोन्ही अंगठे मोबाईलवर नाचत होते. कुठलासा खेळ. काकूंनी कुंकू लावलं ते जरा भुवईवर गेलं, कारण डोकं वर व्हायला तयार नव्हतं. मग माय तुपाची वाटी घेऊन वाकली.

"जावईबापू, तूप वाढू का?"

"मामी, एक मिनिट. एवढं होऊ द्या."

सासूला आमच्याकडे मामीच म्हणतात. मामी सरळ झाली आणि उभी राहिली. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेऊन उभी राहिली. ताटातल्या धोंड्यांची वाफ आधी कमी झाली, मग गेलीच. वाटीतलं तूप कडेनं पांढरं पडत चाललं. मी "अहो" म्हणाले, दोनदा म्हणाले, तर मायनंच मला डोळ्यांनी दटावलं. खेळ संपला, तो हरला बहुतेक, कारण त्यानं मोबाईल जरा आपटूनच खाली ठेवला. मग पहिला घास घेऊन म्हणाला, "धोंडे जरा कडक झालेत का, मामी?"

"हाव, जरा जास्तच झाले जणू," माय म्हणाली. "माझंच चुकलं."

माझा काटा तो एवढाच. माझंच चुकलं, हे तिचे शब्द.

माझे वडील धोंड्याला नायगावला जायचे, मायच्या माहेरी. मी लहान होते, पण आठवतं की त्यांचं ताट वाढलेलं असायचं आणि ते हात बांधून बसायचे. मामी, तुम्ही बसल्याशिवाय मी जेवत नाही, असं म्हणायचे. आजी लाजायची, आत पळायची, मामा तिला ओढून आणायचे, आणि दर खेपेला हा सगळा तमाशा ठरल्यासारखा व्हायचा. मायनं जावई म्हणजे काय ते आपल्या नवऱ्यावरून शिकलेलं होतं. तिच्या वाट्याला जो जावई आला तो मी आणलेला.

परतीच्या वाटेवर गाडीत मी विषय काढला. नवरा म्हणाला, "अगं, त्यात काय एवढं?" खरंच न कळून म्हणाला. मग मी मायला फोन केला, तर ती म्हणाली, "मला तर ध्यानातबी न्हाई बाई. जावई हाय, चालायचंच." त्याचा राग आला त्याहून जास्त मला तिचा आला. ज्याचा अपमान झाला त्यानंच तो पुसून टाकला की मग तुम्ही कोणासाठी भांडणार? तीन वर्षं मी एकटीच ती गोष्ट सांभाळत बसले. सणासुदीला, कढईत काही सोडताना, वर्गात मुलींना स्नायूंचा थकवा शिकवताना, मला वाटी धरून उभी राहिलेली माय दिसायची. आणि आता मला वाटतं, मला नवऱ्याची माफी कधीच नको होती. मला एकदा, फक्त एकदा, मायच्या तोंडून ऐकायचं होतं की तिला लागलं होतं.

आणि बघा, वेळ कशी येते. ते नवं खेळाचं यंत्र निघालं. तुम्ही पाहिलं असेल. मधे पडदा, दोन बाजूंना काढता-लावता येणारे कंट्रोलर. टीव्हीखालच्या खोबणीत बसवलं की मोठ्या पडद्यावर मोटारींची शर्यत खेळा, उपसलं की हातात घेऊन कुठेही फिरा. नवऱ्यानं त्याची इतकी परीक्षणं पाहिली की आमच्या घरात जेवताना मराठी कमी आणि परीक्षकांची हिंदी-इंग्रजी जास्त ऐकू येऊ लागली. देगलूरकडचा त्याचा एक मित्र तर त्याला तेलुगूतली परीक्षणं पाठवायचा, आणि हा तीही बघायचा. मग एके दिवशी, वरण ओरपता ओरपता, अगदी सहज:

"यंदा धोंड्याचा महिना आहे ना?"

"आहे."

"मामी विचारतील काय घ्यावं म्हणून. कपडे नको म्हणावं. ढीग पडलेत."

"मग?"

त्यानं मोबाईल माझ्याकडे वळवला. किंमत बघून मी त्याच्याकडे बघितलं. अर्ध्या लाखाच्या घरात.

"अगं, सगळे त्यांनीच नाही. थोडे आपण घालू," तो म्हणाला, आणि मोठ्या मनाचा माणूस हसतो तसा हसला.

त्या रात्रीपासून मीही परीक्षणं बघायला लागले, चोरून. एवढे पैसे द्यावेत का, हा प्रश्न जगातल्या किती लोकांना छळतो याची मला कल्पनाच नव्हती. एक म्हणतो, जुनं यंत्र असेल तर घाई करू नका. दुसरा म्हणतो, पडदा झकास, पण बॅटरी लवकर मान टाकते. तिसरा हिशेब मांडतो की खरा खर्च यंत्राचा नाहीच, खेळ वेगळे घ्यावे लागतात आणि तेच महाग. सगळे हुशार, सगळे तोलून मापून बोलणारे. पण पैसे कोण देणार आणि खेळणार कोण, हे त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही. माझ्या मते किमतीचा प्रश्न तिथंच सुटतो किंवा तिथंच अडकतो. मायनं पेन्शनीतून नवऱ्याला दिलं असतं तर ते फुकट मिळालं तरी महाग होतं. नवरा आपल्या पैशानं आणता तर दोन महिन्यांत ते, आधी हौसेनं आणलेल्या हेडफोन आणि व्यायामाच्या स्प्रिंगांच्या शेजारी, कपाटात जातं, म्हणजे पैसे पाण्यात. सुडासाठी मात्र ती रक्कम मला मुळीच जास्त वाटली नाही. माणसं कोर्टकचेऱ्यांत याच्या कितीतरी पट घालवतात, आणि तिथं मोटारींची शर्यतही नसते.

सूड म्हणजे नेमकं काय करायचं, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. ते सुचलं स्टाफरूममध्ये. एक सहकारी बाई साड्यांच्या घड्या दाखवत होती. म्हणाली, "अधिकात लेकीनं आईची ओटी भरायची असते. तू काय घेतलंस आईला?" आणि मग तिला आठवलं असावं की माझे वडील नाहीत, कारण ती एकदम साडीची पिन नीट करायला लागली. माझ्या मायची ओटी भरत नाहीत. तिनं द्यायचं, तळायचं, वाटी धरून उभं राहायचं, पण पदर पसरून घ्यायचं नाही. मी चहा अर्धा सोडून उठले. मला कळलं होतं की यंत्र घ्यायचं, आणि ते कोणाच्या पदरात टाकायचं.

नांदेडच्या वजिराबादेत एक दुकान आहे, तो माणूस असल्या वस्तू हैदराबादहून मागवून देतो. यंत्र आलं तेव्हा त्यानं खोकं पुसून माझ्यापुढे ठेवलं.

"बच्चों के वास्ते ले रहे क्या, मॅडम?"

"नाही. माझ्या आईला."

मला वाटलं आता हसेल. तो नाही हसला. थोडा विचार करून म्हणाला, "तो फिर गाडी वाला गेम ले जाव. अम्मा को जल्दी समझ में आता."

तेवढ्यात मायचा फोन. "वैशू, जावयाच्या मनात काय हाय गं? लोक लई काय काय द्यायलेत आजकाल."

"मी आणते. तू कशाला हात लावू नको."

"पैसे मी दीन."

"दे की," मी म्हणाले, खोकं काखेत मारून.

नवरा धोंड्याच्या दिवशी दुकानातनं परस्पर येणार होता. मी आदल्या दिवशी सकाळीच एस.टी.नं निघाले. खिडकीची पत्र्याची चौकट हाताला चटके देत होती. काळी रानं नांगरून उलथी पडली होती, ढेकळांवर ऊन उभं होतं. मांडीवर ते खोकं. शेजारच्या बाईनं विचारलं, मिक्सर हाय का? मी हो म्हणाले. लातूरच्या स्टँडवर परीक्षेचे निकाल लागलेली पोरंपोरी पिशव्या घेऊन उभी होती, कोणी हसत, कोणी नुसतंच उन्हाकडे बघत. मला कोणाचंच काही वाटत नव्हतं. डोक्यात फक्त नवऱ्याचा चेहरा, दार उघडल्यावरचा. तो कसा उतरेल, आधी भुवया की आधी ओठ, हे मी निरनिराळ्या प्रकारे बघत मुरुडपर्यंत गेले.

मायला पाटावर बसवायला मला लई वेळ लागला.

"माझी कशाची ओटी भरतीस? येडी हाईस का तू?"

"पदर पसर."

"लोक काय म्हणतील?"

"दार लावलंय. पसर पदर."

तिनं पदर पसरला, पण बघत होती दाराकडेच. मी तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. मग खोकं ठेवलं. ओझ्यानं पदर खाली गेला. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "येवढं जड काय हाय ह्यात? मला न्हाई लागत मिक्सर."

टीव्हीला जोडून दिलं. पहिल्यांदा ती गाडीबरोबर स्वतःच वळायची, पार खांदा जमिनीला टेकेस्तोवर. ब्रेक कुठाय म्हणून विचारायची. मागून गाडी आली की बाजूला घेऊन थांबायची, "जाऊ दे बिचाऱ्याला, घाई असंल." मग केव्हातरी एक हिरवी मोटार तिला घासून गेली आणि तिचं काहीतरी बिनसलं. दोन फेऱ्या ती त्या हिरव्या मोटारीच्या मागे लागली आणि वळणावर तिला कठड्यात घालून मोकळी झाली. "मधी मधी करायला तो," एवढंच म्हणाली. मी माझ्या आईकडे नव्यानं बघितलं. मग नेहमीप्रमाणे लाईट गेली. टीव्ही मेला, पंखा थांबला, गल्लीत सगळीकडे दारं उघडल्याचे आवाज झाले. मी यंत्र खोबणीतून उपसून तिच्या हातात दिलं, आणि तो पडदा तसाच लकाकत होता, गाडी जिथल्या तिथं उभी. माय ते घेऊन ओसरीवर वाऱ्याला जाऊन बसली. दिवसातून इतक्यांदा वीज जाणाऱ्या गावात या वस्तूची खरी योग्यता कळते. सगळ्या परीक्षकांना एकेकदा मुरुडला आणून बसवायला हवं.

दुसऱ्या दिवशी सगळं मी योजल्याप्रमाणे झालं. पुरण मी शिजवलं, धोंडे भरून परातीत ठेवले. अनारसे विकतचे आणले, आणि मायनंच ते ताटात मांडून ठेवले. तिला मी दारासमोर बसवलं, हातात कंट्रोलर देऊन. गाडीचा आवाज आला तसा मी पदर खोचला आणि दार उघडायला स्वतः गेले.

नवऱ्याला आधी टीव्ही दिसला, मग खोबणीतलं यंत्र. तोंडभर हसू आलं. मग त्याला कंट्रोलर कोणाच्या हातात आहे ते दिसलं.

"मामी, हे तुम्ही..."

"वैशूनं भरली माझी ओटी," माय पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तिच्यात टाकलंय."

आधी भुवया उतरल्या, मग ओठ. मी तो चेहरा चवीनं बघितला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, त्याच्यासाठी आणून ठेवलेल्या कपड्यांच्या पिशवीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. त्याला कळलं, निदान थोडं कळलं, असं मला वाटलं. मी आत गेले, गॅस लावला, आणि कढईत तेल ओतताना चक्क गुणगुणत होते.

पण ते सुख फार टिकलं नाही. बाहेरून त्याचा आवाज आला. "मामी, वळणावर हे दाबून धरा. बघा, गाडी कशी घसरते." मग मायचं "अगं बाई!" मग दोघांचं हसणं. मी डोकावून पाहिलं. तो तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला होता. कंट्रोलरचे दोन भाग सुटे करून एक तिला, एक आपल्याला घेतला होता. पडद्याचे दोन तुकडे झाले होते आणि दोघं एकमेकांच्या गाड्या ढकलत होते. मी परत कढईपाशी येऊन धोंड्यांच्या सुटलेल्या कडा दाबत राहिले. पंखा बाहेर होता. घाम मानेवरून पाठीत उतरत होता, पोलकं चिकटत होतं, सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. अर्धा लाख माझा, योजना माझी, आणि धगीपुढे उभी मी. बाहेर ज्याचा सूड घ्यायचा तो आणि जिच्यासाठी घ्यायचा ती एकमेकांना टाळ्या देत होते. तीन वर्षं जपलेला राग असा हातातून निसटताना बघणं फार वाईट असतं.

"वैशाली, झालं का गं?" नवऱ्याची हाक आली. "भूक लागली."

मी झारा ठेवला. कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर गेले.

"उठा."

"अं?"

"धोंडे भरून ठेवलेत. तळायचे राहिलेत. उठा."

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. त्यानं मायकडे पाहिलं. "मामी, बघा ही काय म्हणायली. धोंड्याला जावई कुठं तळणीत जातो का?"

मीही मायकडे पाहिलं. मला माहीत होतं ती काय म्हणणार. जावई हाय, म्हणणार. मला दटावणार आणि गुडघ्यावर हात ठेवून स्वतः उठणार. मायचा अंगठा तेवढा हलत होता. नवऱ्यानं हातातला तुकडा माझ्या कणकेच्या तळव्यावर ठेवला आणि आत गेला.

मी त्याच्या जागेवर बसले. पंख्याचा वारा ओल्या पाठीला लागला. मला खेळता येत नव्हतं, माझी गाडी सारखी गवतात जात होती, आणि माय नुसती पुढे पुढे. आतून आवाज आला, "तेल तापलं हे कसं कळतं?" मग चर्र झालं. मग भांडं पडल्याचा आवाज, मग "आईगं", आणि थोड्या वेळानं गुळाच्या पुरणाचा जळका वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. माझं अंग सवयीनं उठायला लागलं. एक गुडघा उचललाही.

मायनं माझ्या ओच्याला धरून मला खाली ओढलं. पडद्यावरची नजर काढली नाही.

"बस खाली," ती म्हणाली. "करपू दे. खायचे त्यांनाच हायेत."